गावाची खोली, पावती एकाच्या नावाची

या महिन्यात पाटण, वाई आणि सांगलीहून आलेली तीन पत्रं घेतेय. तिन्ही मुंबईची, म्हणजे मुंबईला गेलेल्या आपल्या माणसांची. पहिल्या पत्रालाच जास्त जागा गेलीय, बाकीच्यांनी राग मानू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. पाटण तालुक्यातून लिहितोय. लालबागला एका चाळीत आमच्या गावाची खोली आहे, १० बाय १२ ची. १९५८ ला गावातल्या ४२ जणांनी वर्गणी काढून पागडीवर घेतलेली, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन थोड्या भाड्याने. मालक म्हणला पावतीवर एकच नाव घालणार, म्हणून मुकादम आजोबांचं घातलं, ते गेल्यावर त्यांच्या मुलाचं म्हणजे नानांचं. नाना आता ८४ वर्षांचे आहेत. चाळ रिडेव्हलपमेंटला चाललीय आणि नानांची पोरं म्हणतात पावती आमच्या बापाची, फ्लॅट पण आमचाच. गावात दोन पार्ट्या पडल्यात, यंदा यात्रेची मीटिंग पण धड झाली नाही. खोली नक्की कुणाची?

उत्तर : दादा, कडू आधी सांगते. कायद्याच्या हिशोबात भाडेकरू म्हणजे ज्याच्या नावाने पावती फाटते तो. त्यामुळे आज नाव नानांचं आणि बिल्डर अ‍ॅग्रीमेंट करणार ते पण नानांशीच, ४२ जणांशी नाही. पण म्हणून पोरांचं खरं असंही नाही हां. भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे भाडेकरू वारला की हक्क जातो त्याच्याबरोबर तिथे राहणाऱ्या घरच्या माणसाकडे, तसं कुणी नसेल तर वारसाकडे, आणि त्यांचं आपसात जमलं नाही तर कोर्ट ठरवणार. तुमच्या खोलीत पोरं राहतात का दुसरेच कोणी, ते तुम्ही लिहिलं नाही. काही असलं तरी नाना हयात आहेत तोवर हे चार माणसांत बसून सुटण्यासारखं आहे, नंतर तारखा.

तरुण वाचकांना गावाची खोली म्हणजे काय ते माहीत नसेल. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातली माणसं मुंबईच्या कापड गिरण्यांत लागली, १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखाच्या आसपास कामगार होते. एवढ्यांना बिऱ्हाड थाटणं कुठं परवडणार, बायकापोरं गावाला आणि पुरुष गावाच्या खोलीत. तीन पाळ्या असायच्या म्हणून एका खोलीत पंचवीस-तीस जणांचं भागायचं, एक कामाला गेला की त्याच जागेवर रातपाळी करून आलेला आडवा. मी नऊ वर्षांची असताना आई-वडलांबरोबर अशा एका खोलीवर गेले होते. पोटमाळ्यापर्यंत ट्रंका रचलेल्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने नाव, खिळ्यांना सदरे, कोपऱ्यात वळकट्या. रातपाळीवाले झोपले होते म्हणून सगळे कुजबुजत बोलत होते. फळीवर गावच्या देवाचा फोटो आणि त्याच्याखाली सुतळीने बांधलेली वही, कुणी किती वर्गणी दिली त्याची. मी आणि आई बाहेर गॅलरीत कठड्याला टेकून उभ्या राहिलो कारण बायकांना आत मुक्काम नव्हता. जेवण मात्र एका बाईच्या खानावळीतूनच यायचं!

तर दादा, ती वही शोधा. तुमच्याकडेही असणार, कुणाच्या तरी माळ्यावर. वर्गणीच्या नोंदी, मालकाला पागडी दिल्याची चिठ्ठी, दुरुस्तीचा खर्च, लाइट बिल कोण भरायचं, जे मिळेल ते गोळा करून झेरॉक्स काढा. नानांना, पोरांना आणि दोन्ही पार्ट्यांच्या जाणत्यांना एकत्र बसवा आणि ही खोली गावाच्या पैशाने घेतली, मी नावापुरता, असं नानांकडून लिहून घ्या. नोटरी करून थांबू नका, वकिलाकडून पक्का दस्त करा, आणि वकील मुंबईचा पागडीची कामं करणारा बघा, आपल्याकडच्या वकिलांना हे प्रकरण सहसा येत नाही. तुमचं गावकी मंडळ रजिस्टर नसेल तर ते आधी करा, नाहीतर खोली कुणाच्या नावावर करणार? पावती मंडळाच्या नावावर करायला मालकाची संमती लागेल, आणि तो फुकट देणार नाही. पागडीची खोली फिरते तेव्हा तिसरा हिस्सा मालकाचा असा रिवाज आहे, तुमच्या केसमध्ये विक्री नाहीये तेव्हा घासाघीस करा.

चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी चाळ आहे का ते म्हाडाच्या दुरुस्ती मंडळात कळेल. १ सप्टेंबर १९४० च्या आधीची असेल तर 'अ' वर्गात येते. अशा चाळीत राहत्या भाडेकरूला कमीत कमी ३०० चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा मिळते, आणि ५१ टक्के भाडेकरूंनी संमती दिली की काम पुढे सरकतं, म्हणजे तुम्ही भांडत बसलात तरी चाळ तुमच्यासाठी थांबणार नाही. म्हाडा भाडेकरूंची यादी पक्की करते त्याच्या आत नाव बदललं तर बदललं. आणि बिल्डरचं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर असल्याशिवाय कुणी खोली खाली करायची नाही, नानांनी पण नाही.

विकून वाटून घ्या म्हणणारे पण असतील. ३०० फूट भागिले ४२ केलं तर वाट्याला ७ फूट येतात, त्यात चटई पण पसरत नाही. पैशाचाही हिशोब करून बघा, ४२ घरांच्या आता किती शाखा झाल्यात. माझं स्पष्ट मत, ठेवा खोली. लालबागहून केईएम आणि टाटा हॉस्पिटल किती लांब आहे? टाटाच्या बाहेर फुटपाथवर पेशंटचे नातेवाईक पथारी टाकून असतात, त्यात आपल्या जिल्ह्याचे पण असतात. तुमच्या गावातला कोणी उद्या तिथं गेला तर त्याला डोक्यावर छप्पर आहे, ही काय कमी गोष्ट आहे?

अजून एक. मंडळाची मेंबर यादी करताना जे वारले त्यांच्या जागी मुलाचं नाव लिहून मोकळे होऊ नका, विधवा असेल तर तिचं आणि मुलींचं पण लिहा. वर्गणीचे दोन-दोन रुपये गावाकडे ज्वारी खुरपून बायकांनीच वाचवलेले होते. आणि नव्या खोलीत बायकांना मुक्काम द्या, एवढं माझ्यासाठी करा.

प्रश्न : आजोबा मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात होते. त्यांचं तिकीट म्हणजे गिरणीचं ओळखपत्र सापडलं. गिरणी कामगारांना म्हाडा देते ते घर मिळेल का? एक एजंट ५० हजार मागतोय. (वाई)

उत्तर : एजंटला एक रुपया देऊ नका, घर सोडतीत लागतं, एजंटच्या हातात काही नसतं. आजोबा १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर पटावर होते का, आणि त्यांच्या नावाने अर्ज भरलेला आहे का, या दोन गोष्टी बघा. अर्ज पावणेदोन लाखाच्या घरात आलेत आणि २०१२ च्या सोडतीत घरं निघाली ६,९२५, २०२० ला ३,८९४, तेव्हा आशा किती ठेवायची ते तुम्हीच ठरवा. घर २२५ फुटांचं, २०२० ला किंमत साडेनऊ लाख होती. शेलू-वांगणीला घरं द्यायचं चाललंय त्याला कामगारांचा विरोध आहे आणि तो मला पटतो, राबले परळला आणि घर कर्जतच्या वाटेवर? तिकीट जपून ठेवा, सोबत पीएफ नाहीतर ईएसआयचा (कामगार विम्याचा) कागद शोधा.

प्रश्न : मी सांगलीची, लोअर परळला नोकरी करते. आजी म्हणते तुझं ऑफिस आहे तिथं गिरणी होती. मग तिथं कामगारांची घरं का झाली नाहीत?

उत्तर : होणार होती गं. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण तिसरा हिस्सा पालिकेला मोकळ्या जागेसाठी, तिसरा म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ ला नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची करायची ठरलं, शेडखालची जमीन हिशोबातच नाही, आणि गिरणीत मोकळी जागा असते कितीशी! हायकोर्टाने २००५ ला मालकांच्या विरोधात निकाल दिला, २००६ ला सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. आता बिल्डर त्याच परळला अप्पर वरळी म्हणतात. ऑफिसजवळ गिरणीची जुनी चिमणी, म्हणजे धुराडं उभं असेल तर फोटो काढून आजीला पाठव, गिरणी कुठली ते ती सांगेल.