तुमचे प्रश्न: अळुवडी, मुरानोची काच आणि पॉलिमर क्लेची कानातली

मागच्या अंकात पॉलिमर क्लेच्या (मळून आकार द्यायचा आणि ओव्हनमध्ये भाजून कडक करायची ती रंगीत क्ले) कानातल्यांवर सहज चार ओळी लिहिल्या होत्या, तर या वेळी निम्मी पत्रं त्याचीच आलीत. सगळी घेता येणार नाहीत, पाच घेतलीत, त्यातलं पहिलं वाचून मी रात्री बराच वेळ जागी होते.

प्रश्न : ताई, मी दीड वर्षापासून पॉलिमर क्लेची कानातली करतेय, सगळं बघून बघूनच शिकले, क्लास वगैरे काही नाही. मागच्या महिन्यात प्रदर्शनात स्टॉल लावला होता तर एक बाई आल्या आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाल्या की हे तर परदेशातल्या अमक्या आर्टिस्टचं ढापलंय. मला तिथेच रडू आलं. मी केन करते, मोकुमे गाने करते, ब्लेंड करते, ते सगळेच करतात ना? बघून शिकणं म्हणजे चोरी का? *(डोंबिवली)*

उत्तर : अगं, आधी हे की त्या बाईंनी चारचौघांत बोलायला नको होतं, काही वाटलं तर बाजूला घेऊन विचारावं माणसाने. पण तुझ्या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दाचं उत्तर नाहीये, त्यामुळे मी जरा लांबण लावणार आहे, चहा घेऊन बस.

तू केन करतेस म्हणजे रंगीत क्लेच्या काड्या नि पट्ट्या जुळवून जाड दांडा करतेस, तो दाबून ओढून बारीक करतेस आणि मग चकत्या कापतेस, प्रत्येक चकतीवर तेच फूल. आपल्याला हे नवीन नाही, अळुवडीचा उंडा उकडून कापला की प्रत्येक वडीत तेच चक्र दिसतं, तसंच. पण क्लेवाल्यांनी हे घेतलं काचेवरून. व्हेनिसजवळ मुरानो बेट आहे, तिथे रंगीत काचेच्या दांड्या एकत्र वितळवून, ओढून, कापून मणी करायचे, त्याला मिलेफिओरी म्हणतात, हजार फुलं. ते मणी जहाजं भरभरून पश्चिम आफ्रिकेत जायचे आणि आज लोक त्यांना आफ्रिकन ट्रेड बीड्स म्हणून ओळखतात, म्हणजे बघ, केले इटलीत आणि नाव झालं आफ्रिकेचं.

मोकुमे गाने तर जपानी लोहारकाम. १७ व्या शतकात तिकडे तलवारीच्या साजासाठी वेगवेगळ्या धातूंचे पत्रे एकावर एक जोडून, कोरून, ठोकून सपाट करायचे, की लाकडाच्या रेषांसारखी नक्षी उमटायची. नावातच लाकूड, डोळा आणि धातू असे तीन शब्द आहेत. आपण क्लेच्या थरांत काहीतरी खुपसतो आणि वर आलेले उंचवटे ब्लेडने पातळ पातळ तासतो, गंमत तीच, फक्त भट्टीच्या जागी ओटीजी, म्हणजे घरातला छोटा ओव्हन. आणि ब्लेंड, दोन रंगांचे दोन त्रिकोण जोडून पास्ता मशीनमधून वीस-पंचवीस वेळा एकाच बाजूने घडी घालून काढायचे की एक रंग दुसऱ्यात विरत जातो, ही युक्ती ज्यूडिथ स्किनर या अमेरिकन बाईंची, १९९० च्या दशकातली. ती त्यांनी कुलपात ठेवली नाही, सगळ्यांना दाखवली, आणि आज कुठल्याही देशातली क्लेवाली ते करताना स्किनर ब्लेंडच म्हणते. तसंच उरल्यासुरल्या केनचे तुकडे एकत्र रचून त्याचंच नवीन केन करायचं ते स्ट्रॉपेल केन, अॅलिस स्ट्रॉपेल या बाईंच्या नावाने. (मी त्याला घरी फोडणीची पोळी म्हणते. शिळं संपवायचं आणि वर कौतुक मिळवायचं.)

तर तंत्राची चोरी होत नाही असं माझं मत आहे, ते फिरण्यासाठीच असतं, फक्त ज्याचं नाव माहितीये त्याचं नाव घ्यावं, त्याला पैसे पडत नाहीत.

पण पुढचं जरा कडू आहे. तंत्र वेगळं आणि डिझाइन वेगळं. तेच तीन रंग, तोच आकार, तीच फुलाची जागा, तसाच लोंबता मणी, असं सगळंच्या सगळं उचललं तर ते बघून शिकणं नाही, ती नक्कल आहे. शिकताना नक्कल करावीच, हात त्यानेच बसतो, सगळ्यांनी केलीय, पण ती घरात ठेवायची, स्टॉलवर नाही. मी सुरुवातीला एक पेंडंट अगदी भोकाच्या जागेसकट तसंच्या तसं केलं होतं आणि ते विकलंही. घेणारी म्हणाली, किती वेगळी आयडिया हो तुमची, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. पैसे घेतले मी, खोटं कशाला सांगू, पण तसं परत केलं नाही.

आता तूच तुझा स्टॉल डोळ्यासमोर आण. ती परदेशातली बाई फिरत फिरत तिथे आली असती तर ‘अरे, हे तर माझंच’ असं तिला वाटलं असतं, की ‘हिने माझं बघितलंय, पण कुठल्या कुठे नेलंय’ असं? पहिलं वाटलं असतं तर तेवढे पीस काढून टाक आणि विषय संपव. दुसरं वाटलं असतं तर पुढच्या प्रदर्शनात बिनधास्त बस. आणि पैसे भरून घेतलेल्या ट्यूटोरियलवरून काही केलं असशील तर त्यात काय लिहिलंय ते नीट वाच, करून विकायला पुष्कळ जण परवानगी देतात, पण तेच दुसऱ्यांना पैसे घेऊन शिकवायला सहसा देत नाहीत.

प्रश्न : आमची सून कसलीशी क्ले आणते आणि स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजते, वास येतो. हे प्लास्टिक असल्याचं ऐकतो. मग याला माती का म्हणता? आणि प्लास्टिकच्या कानातल्यांना कला कोण म्हणतं? *(नाशिक, एक सासरे)*

उत्तर : काका, प्लास्टिकच आहे. पीव्हीसी, आपल्या नळाच्या पाइपातलं, त्यात ते मऊ ठेवणारं द्रव्य आणि रंग. मळता येतं, आकार घेतं, भाजल्यावर कडक होतं म्हणून माती म्हणायचं, मातीशी नातं तेवढंच.

ही दागिन्यांसाठी जन्माला आलेलीच नाही. जर्मनीत केथे क्रूझे या बाहुल्या करणाऱ्या नामांकित बाई होत्या, १९३० च्या दशकाच्या शेवटी बाहुल्यांची डोकी करायला त्यांच्याकडे असलं एक मटेरियल आलं, त्यांना ते काही जमेना, पण त्यांची मुलगी फिफी त्यात रमली. तिने पुढे स्वतःचं मिश्रण तयार केलं, १९६४ मध्ये ते एबरहार्ड फाबर कंपनीने घेतलं आणि त्याचं झालं फिमो, त्यातला फि म्हणजे ही फिफी. तिकडे अमेरिकेत स्कल्पी निघाली ती ट्रान्सफॉर्मरची उष्णता वाहून न्यायला, त्या कामात ती नापास झाली आणि शिल्पकारांच्या हाती लागली. दोन्हीकडे जे ज्यासाठी केलं त्यासाठी चाललं नाही, मला फार आवडते ही गोष्ट.

कला कोण म्हणतं याचं सांगते. पीटर वोल्कस हे अमेरिकेतल्या सिरॅमिकमधलं फार मोठं नाव. त्यांची मुलगी पिअर, नाचणारी, तिने वडलांची खरी माती सोडून ही प्लास्टिकची धरली आणि १९८० च्या दशकात त्याचे असे मणी केले की ते बघून बाकीचे या वाटेला लागले. टोरी ह्यूज यांनी यातून हस्तिदंत, पिरोजा, अंबर यांची इतकी हुबेहूब नक्कल करून दाखवली की हात लावेपर्यंत कळत नाही. अमेरिकेतले फोर्ड आणि फोरलानो, दोघं पुरुष बरं का, दागिनेच करतात. आणि २०११ मध्ये विस्कॉन्सिनच्या रसीन आर्ट म्युझियमने पॉलिमरचं मोठं प्रदर्शन भरवलं, यांची कामं आता म्युझियमच्या संग्रहात आहेत. तेव्हा सूनबाईंना नावं ठेवू नका.

ओव्हनचं मात्र तुमचं बरोबर आहे, तिथे मी तुमच्या बाजूने. जमलं तर क्लेसाठी लहान वेगळा ओटीजी ठेवायचा, खिडकी उघडी ठेवायची, आणि लाटणं, सुरी, ताटली जे एकदा क्लेला वापरलं ते परत खाण्याच्या वस्तूंना लावायचं नाही. मायक्रोवेव्ह चालत नाही. पाकिटावर तापमान असतं, फिमोला ११० अंश सेल्सिअस, प्रीमो नि काटो या दुसऱ्या ब्रँडच्या क्ले, त्यांतल्या प्रीमोला साधारण १३०, काटोला १५० च्या आसपास, त्याच्या फार वर गेलं की पीव्हीसी जळतं आणि तो धूर खरंच वाईट, नाकाडोळ्यांना झोंबतो. तसं झालं तर ओव्हन बंद करून सगळ्यांनी बाहेर जायचं.

प्रश्न : माझी कानातली जरा वाकवली की कडकन तुटतात. भाजते तर अर्धा तास. *(कोल्हापूर)*

उत्तर : कच्ची राहतायत. ओटीजीच्या बटणावर भरवसा ठेवू नका, ते सांगतं एक आणि आत असतं भलतंच, आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर घ्या, फार महाग नसतो. अर्धा तास हा साधारण ६ मिलिमीटर जाडीचा हिशोब, जास्त जाड असेल तर जास्त वेळ. कॉइल जवळ असते म्हणून वरून अॅल्युमिनियम फॉइलचा तंबू करा आणि खाली साधी टाइल ठेवा. नीट भाजलेला पातळ तुकडा वाकतो, तुटत नाही. आणि ती पाण्यात भिजवून मळायची, हवेवर वाळणारी क्ले वापरत असाल तर ती ही नव्हेच, ती भाजायचीच नसते.

प्रश्न : आमचा बारा जणींचा बचत गट आहे. पापड-लोणची सगळेच करतात म्हणून आम्हाला क्लेचे दागिने करायचे आहेत. असं बायकांनी मिळून कुठे केलंय का? आणि डिझाइन कुठून आणायच्या? आमच्याकडे कुणी आर्टिस्ट नाही. *(धाराशिव)*

उत्तर : केलंय, आणि लांब नाही, नेपाळमध्ये. पूर्वेला झापा जिल्ह्यात बिर्तामोड आहे, तिथे समुन्नत नावाची संस्था आहे, घरात मारहाण, छळ सोसलेल्या बायकांना कायद्याची आणि मनाची दोन्ही मदत करते. तिथे वेंडी मूर या ऑस्ट्रेलियन बाईंनी पॉलिमर क्ले नेली, बायकांना शिकवली, आणि त्या बायका आज दागिने करून स्वतःचे पैसे कमावतात. पुढे जगभरच्या क्ले कलाकारांनी त्यांच्यासाठी पैसे जमवले, काही जण तर तिथे जाऊन शिकवून आले, त्यातून संस्थेचं स्वतःचं घर उभं राहिलं. म्हणजे एकमेकांचं बघून स्फूर्ती घेणं वगैरे आपण म्हणतो ना, ते नुसतं रंग-आकारापुरतं नाहीये.

पण मी तुम्हाला गुळाचा खडा देऊन पाठवणार नाही. चांगली क्ले बाहेरून येते, एक ठोकळा जेमतेम ५७ ग्रॅमचा, आणि आपल्या उन्हाळ्यात ती पाकिटातच मऊ पडते नाहीतर अर्धवट कडक होऊन बसते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. आधी चौघींनी सुरू करा, चार रंग आणि काळा-पांढरा, बास, बाकी रंग मिसळून होतात. पास्ता मशीन एकच घ्या, सगळ्यांत मिळून. पहिले तीन महिने विकायचं नाव काढू नका.

आणि डिझाइनचं मला विचारता? तुमच्या जिल्ह्यात तेर आहे ना! सातवाहनांच्या काळातलं तगर, रोमशी व्यापार करणारं गाव, पॉम्पेईत जी हस्तिदंती मूर्ती सापडली तशाच घडणीची मूर्ती तेरला निघालीय, आणि तिथल्या म्युझियममध्ये जुने मणी आहेत, मातीचे, दगडांचे, काचेचे. सगळ्या जणी एसटीने जा, डबे घेऊन जा, वही घेऊन जा. मण्याचा आकार कसा, भोक कुठून, रेघा कशा, हे काढून आणा. वर आपली बोरमाळ आहे, चिंचपेटी आहे, ठुशीचे गच्च बसवलेले मणी आहेत, हे आकार या क्लेत फार छान बसतात आणि बाहेरच्या कुणाकडे ते नाहीत. मुरानोवाल्यांनी त्यांच्या घरातलं काढलं, जपान्यांनी त्यांच्या घरातलं, मग तुम्ही फोनवर कुणाची तरी मॉन्स्टेरा या शोभेच्या झाडाची पानं बघून का करायची?

प्रश्न : मी इथल्या एका क्ले ग्रुपमध्ये जाते, सगळ्या अमेरिकन बायका, फार प्रेमळ. दिवाळीला मी पैठणी नेसून गेले तर एकीने पदर हातात घेऊन निरखून पाहिला आणि पुढच्या भेटीत बांगडी मोराचं चक्क केन करून आणलं, त्याची कानातली विकायलाही ठेवली. मला आनंद व्हावा की राग यावा तेच कळेना. *(न्यू जर्सी)*

उत्तर : दोन्ही येऊ दे, दोन्ही खरंय.

डोंबिवलीच्या मुलीला मी वर जे सांगितलं ते हिलाही लागू, माणूस गोरं असलं म्हणून नियम बदलत नाही. कुणा एका विणकराचा पदर तिने उचललेला नाही, मोर आपल्या एकटीचा नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या येवल्या-पैठणचे विणकर विणतायत, आणि विणीतला मोर केनमध्ये बसवायचा म्हणजे तिने डोकं चालवलंय. पण तिच्या कानातल्यांच्या कार्डावर काय लिहिलंय? नुसतं ‘पीकॉक’ असेल तर मला ते चालणार नाही. तिला सांग, त्याला बांगडी मोर म्हणतात, वर्तुळात मोर असतो म्हणून, आणि पैठणी हा शब्द कसा म्हणायचा ते दहा वेळा म्हणवून घे. ती स्किनरचं नाव घेते तसं पैठणचं घेऊ दे. चांगली बाई असेल तर तिला ते आवडेलच, बहुतेक तिला माहीतच नसणार. आणि तू असावली नि मुनिया ही पैठणीवरची बाकीची नक्षी तिच्या आधी करून टाक बाई, पदर तुझ्या कपाटात आहे.

आणि हो, तिच्या चकतीचा फोटो पाठव. मोराची मान इतकी बारीक, केन बारीक करताना ती हमखास चेपते, माझी तीनदा चेपली, शेवटी कापायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्यावर जरा जमलं. तिने काय केलं ते विचारून कळव.