बर्फाच्या आधी पॉलिसी वाचा

पत्र : "वय 39, अंबड एमआयडीसीत सुपरवायझर, हातात पगार 85 हजार. इंदिरानगरच्या फ्लॅटचं 38 लाखांचं कर्ज आहे. पत्नी घरी असते, दोन मुलं. बँकेत एफडीची चौकशी करायला गेलो तेव्हा एक पॉलिसी घेतली, तीन हप्ते भरलेत. दोन वर्षांनी तिचे 12 लाख येतील, त्यात चौघांना पहिल्यांदाच स्कीइंगला न्यायचंय. कोलोरॅडो, आल्प्स की जपानचं निसेको?"

उत्तर : दोन वर्षांनी 12 लाख येणार नाहीत. तुम्ही पाठवलेल्या फोटोत एजंटाने बॉलपेनने "5 वर्षांनी 12 लाख" लिहून भोवती गोल केलाय. त्याच्या दोन बोटं खाली छापलंय : हप्ते 10 वर्षं, मुदत 20 वर्षं. कंपनी छापलेलंच मानणार. बँकेत एफडीची चौकशी करायला गेलेल्या माणसाच्या गळ्यात हे मारलं, याचा मला मनापासून राग येतो.

वर्षाला दीड लाख, दहा वर्षांत 15 लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी, त्यांच्याच तक्त्याप्रमाणे, 32 लाख घ्यायचे. परतावा जेमतेम 5 टक्के. तेच पैसे पीपीएफमध्ये 7.1 टक्क्यांनी 44 लाखांच्या घरात जातात.

पण खरी काळजी वेगळी आहे. पॉलिसीत विमा 15 लाखांचा, डोक्यावर कर्ज 38 लाखांचं. तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांवर 23 लाखांचं देणं राहील आणि पगारही थांबलेला असेल. साठीपर्यंतचा 1 कोटीचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा, वर्षाला साधारण 15-20 हजारांत येतो. तो या महिन्यात घ्या. तंबाखूचं व्यसन असेल तर फॉर्मवर लिहा, लपवलंत तर क्लेम अडकेल.

टर्म पॉलिसी हातात पडल्यावरच जुनीला हात लावा. तीन हप्ते, म्हणजे साडेचार लाख गेलेत. तिसऱ्या वर्षी सोडली तर नियमाने किमान 35 टक्के, म्हणजे सुमारे 1.6 लाख परत. चौथ्या वर्षी किमान 50 टक्के, पण त्यासाठी आणखी दीड लाख भरायचे आणि 3 लाख घ्यायचे. दीड लाख घालून 1.4 लाख जास्त! चौथा हप्ता भरू नका. सरेंडर (पॉलिसी सोडून पैसे घेणं) आणि पेड-अप (हप्ते थांबवून ती कमी रकमेवर चालू ठेवणं), दोन्हींचे आकडे कंपनीकडून लेखी मागवा आणि मग ठरवा.

आता बर्फाचं. कोलोरॅडोत व्हेल (Vail) सारख्या स्कीइंगच्या ठिकाणी ऐन हंगामात खिडकीवर, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचं दिवसाचं तिकीट 300 डॉलरच्या वर जातं. चौघांचे पाच दिवस म्हणजे पाच लाखांवर, विमान वेगळंच. तिथले लोक हंगामाआधीच स्वस्तात पास घेऊन ठेवतात, खिडकीचा दर आपल्यासारख्या पाहुण्यांना बसतो. आल्प्समध्ये तेच काम दीड लाखाच्या आसपास होतं. तिथे स्कीइंग गावांशी जोडलेलं आहे : एका खोऱ्यातून दुसऱ्यात उतरायचं, दुपारी डोंगरावरच्या खाणावळीत निवांत जेवायचं. मात्र आखलेली वाट सोडलीत तर जबाबदारी तुमची. अमेरिकेत मात्र हद्दीच्या दोरीच्या आतला सगळा डोंगर गस्तीपथक हिमस्खलनापासून सांभाळतं. निसेकोला सायबेरियाचे वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलून आणतात आणि भुसभुशीत बर्फ टाकतात, संध्याकाळी गरम पाण्याचे झरे. पण त्या मऊ बर्फाचं सुख कसलेल्यांना, नवशिक्याचे पाय त्यात रुततात.

तुम्ही चौघांनीही स्की कधी पायात घातलेली नाही. मग गुलमर्गला जा. पायथ्याशी शिकायला सौम्य उतार आहेत, भाड्याने साहित्य मिळतं, आणि गोंडोला (केबल कार) अफरवट डोंगरावर सुमारे 3,900 मीटरपर्यंत नेतो. वर नवशिक्यांनी बर्फ बघायला जावं, स्कीवरून उतरायला नाही. तारखा फेब्रुवारीतल्या धरा. 2024 च्या जानेवारीत तिथले उतार कोरडे होते. महिना 5 हजारांची आरडी दोन वर्षांत व्याजासकट सव्वा लाखावर जाते. तेवढ्यात, थोडं जपून, चौघांचं होतं.

मुलांना गोडी लागली तर पुढे आल्प्ससाठी वेगळी आरडी काढू. तेव्हा प्रवास विम्यात हिवाळी खेळ धरलेत का ते वाचून घ्या. साध्या पॉलिसीत ते बहुधा नसतात आणि स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरने उचललं तर बिल तुमच्याच नावावर येतं.