परदेशातील बस-रेल्वे : आधी तिकिटाचा नियम, मग नकाशा

प्रश्न : उच्च शिक्षणासाठी मी प्रथमच परदेशी जात आहे. तेथे स्वतःचे वाहन नसल्यामुळे बस, मेट्रो आणि रेल्वे यांवरच अवलंबून राहावे लागेल. शहर अनोळखी, भाषाही जेमतेम येते. तयारी कोठून करावी?

उत्तर : वाट चुकण्याची भीती सर्वांनाच वाटते, परंतु वाट चुकली तर पुढच्या थांब्यावर उतरून परत फिरता येते. तिकिटाचा नियम चुकला तर मात्र दंड भरावा लागतो आणि ‘मी नवीन आहे’ ही सबब तिकीट तपासनीस सहसा ऐकून घेत नाहीत. म्हणून तुमच्या शहरात प्रवास सुरू झाला आणि संपला हे कशावरून धरले जाते, हे सर्वांत आधी शोधून काढा.

याची तऱ्हा ठिकठिकाणी निराळी असते. लंडनच्या भुयारी रेल्वेत आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा कार्ड टॅप करावे लागते. त्याच शहरातील बसमध्ये ते फक्त चढताना करायचे असते. सिंगापूरमध्ये बसचे भाडे अंतरानुसार आकारले जात असल्यामुळे उतरतानाही कार्ड टॅप करावे लागते आणि ते विसरल्यास त्या मार्गाच्या शेवटच्या थांब्यापर्यंतचे भाडे कापले जाते. नेदरलँड्समध्ये तर एका कंपनीच्या रेल्वेतून उतरून दुसऱ्या कंपनीची रेल्वे पकडताना पहिल्या कंपनीच्या यंत्रावर प्रवास संपल्याची आणि दुसरीच्या यंत्रावर तो सुरू झाल्याची नोंद करावी लागते.

सर्वांत जास्त फसगत होते ती जेथे अडवणारे कोणीच नसते तेथे. बर्लिनच्या मेट्रो स्थानकांत फाटके नाहीत, कोणीही सरळ फलाटावर जाऊन गाडीत बसू शकतो. यंत्रातून घेतलेले कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या पेटीत सरकवून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवायचा असतो. शिक्का नसेल, तर तिकीट खिशात असूनही तो विनातिकीट प्रवास ठरतो आणि 60 युरो दंड होतो. तपासनीस अनेकदा साध्या वेशात असतात, त्यामुळे त्यांना पाहून सावध होण्याची संधीही मिळत नाही. नवख्या माणसाला हा नियम जाचक वाटतो, आणि त्याचे तसे वाटणे मला अगदी रास्त वाटते.

बँकेच्या कार्डाने भाडे भरणार असाल, तर दिवसभर एकच कार्ड वापरा. लंडनमध्ये प्लास्टिकचे कार्ड आणि फोनमध्ये भरलेले तेच कार्ड ही दोन वेगळी साधने मानली जातात. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना फोन वापरला, तर दोन्ही प्रवास अपूर्ण धरून दोन्हींवर कमाल भाडे लागू शकते, शिवाय दिवसभरात ठरावीक रकमेपेक्षा जास्त भाडे न कापण्याच्या मर्यादेचा लाभही विभागला जातो.

मासिक पास घेण्याची घाई करू नका. रोजचा मार्ग आधी पक्का होऊ द्या. जर्मनीत मे 2023 पासून मिळणारे ‘डॉइचलांडटिकेट’ देशभरातील स्थानिक आणि प्रादेशिक वाहतुकीला चालते, मात्र ‘आयसीई’सारख्या जलद गाड्यांना चालत नाही. शिवाय ते दरमहा आपोआप नूतनीकृत होत राहते. ते महिनाअखेर बंद करायचे असेल, तर त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत तसे कळवावे लागते.

नकाशा यानंतर हाती घ्या. हॅरी बेक यांनी आखलेला लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा 1933 मध्ये प्रवाशांच्या हाती आला, आणि तेव्हापासून जगभर असेच सरळ रेषांचे नकाशे रूढ झाले. गाडी कोठे बदलायची ते त्यांतून चटकन समजते, अंतर मात्र समजत नाही. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या लगतच्या स्थानकांतील अंतर 300 मीटरहूनही कमी आहे. गाडीची वाट पाहण्यापेक्षा पायी गेलेले बरे. फलाटावर दिशा ओळखण्यासाठी शेवटच्या स्थानकाचे नाव वाचावे आणि गाडी जलद आहे की धीमी हेही पाहावे. न्यूयॉर्कमध्ये जलद मेट्रो अनेक लहान स्थानके सोडून पुढे निघून जाते.

प्रश्न : मी टोकियोत नोकरी करतो. आई-बाबा काही महिन्यांसाठी येणार आहेत. मी कामावर असताना, जपानी भाषा येत नसूनही त्यांना एकट्याने फिरता येईल का?

उत्तर : अवश्य येईल. टोकियो मेट्रोच्या प्रत्येक स्थानकाला मार्गाचे अक्षर आणि क्रमांक दिलेला आहे. गिंझा मार्गावर शिबुया ‘जी 01’, गिंझा ‘जी 09’ आणि असाकुसा ‘जी 19’ आहे. क्रमांक वाढत आहेत की घटत आहेत, एवढे पाहिले तरी गाडीची दिशा कळते. पहिल्या एक-दोन फेऱ्या सकाळची गर्दी ओसरल्यावर त्यांच्यासोबत करा, पण यंत्रे त्यांनाच हाताळू द्या. मोठ्या स्थानकांना डझनावारी बाहेर पडण्याचे मार्ग असतात आणि चुकीच्या मार्गाने वर आल्यास वयस्कर माणसांची विनाकारण पायपीट होते. त्यामुळे स्थानकाच्या क्रमांकाबरोबर बाहेर पडण्याच्या मार्गाचा क्रमांक आणि घराचा जपानी लिपीतील पत्ता कागदावर लिहून दोघांकडेही वेगवेगळा द्या, म्हणजे फोनची बॅटरी संपली किंवा गर्दीत चुकामूक झाली तरी त्यांचे अडणार नाही.