शरीरातली नॅनोयंत्रं (डोळ्यांना न दिसणारी अतिसूक्ष्म यंत्रं) एकमेकांशी रेडिओलहरींनी का बोलू शकत नाहीत?

मुख्य अडचण अँटेनाची. तिची लांबी तरंगलांबीच्या तोडीची असावी लागते. एक मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढं, यंत्र म्हटलं की टेराहर्ट्झ (अतिउच्च वारंवारतेच्या) किंवा त्याहून वरच्या लहरी आल्या, आणि टेराहर्ट्झ लहरी शरीरातलं पाणी झपाट्याने शोषून घेतं. म्हणून निरोप रेणूंच्या हाती द्यायचा: एकाने रेणू सोडायचे, दुसऱ्याने ते ओळखायचे.

लागणारा वेळ मात्र अंतराच्या वर्गाने वाढतो. पाण्यात लहान रेणू एक मायक्रॉन साधारण मिलिसेकंदात पसरतो, पण एक मिलिमीटरला पंधरा-वीस मिनिटं लागतात! शिवाय आधीच्या निरोपाचे उरलेले रेणू पुढच्यात मिसळतात. माझ्या मते खरी डोकेदुखी हीच, आणि तिचं उत्तर आपल्याच शरीरात आहे. चेता आणि स्नायू यांच्यामधल्या फटीत ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन निरोप पोचवतं आणि एक विकर (एन्झाइम) ते लगेच तोडून टाकतं, त्यामुळे पुढच्या निरोपाला जागा मोकळी होते. अशीच विकरं कृत्रिम जाळ्यांत वापरायचा विचार संशोधक करताहेत.

2013 मध्ये कॅनडातल्या यॉर्क आणि ब्रिटनमधल्या वॉरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्कोहोलच्या फवाऱ्यातून काही मीटरवर छोटा मजकूर पाठवून दाखवला. तो प्रयोग टेबलावरचा होता. शरीरातलं असं जाळं अजून प्रयोगशाळेच्या पातळीवरच आहे.