हात उचलला तर सुजेल का?

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायकांच्या मनात एक धास्ती असते: त्या बाजूचा हात हलवला तर टाके उसवतील आणि काखेतल्या गाठी काढलेल्या असल्यामुळे तो कायमचा सुजेल. निपाणीहून सुनेबरोबर बेळगावला आलेल्या, घरी बिड्या वळणाऱ्या एका बाईंची चिंताही हीच होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

शस्त्रक्रिया होऊन दीड महिना झाला होता आणि जखम भरली होती, तरी त्यांनी डावा कोपर पोटाशी घट्ट धरला होता, त्यावरून पदर ओढला होता. घरात त्यांना कुणी तांब्यासुद्धा उचलू देत नसे आणि वेणी सूनच घालत असे. "शेजारणीच्या हाताला सूज आली ती धुणं धुतल्यानं, असं सगळी म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "आणि माझा हात काय बसून न्हाई, बिड्या वळतोय की दिवसभर."

मांडीवर सूप घेऊन पान कातरताना आणि दोरा बांधताना बोटे अखंड चालतात, हे खरे. पण कोपर कमरेला चिकटलेला आणि खांदा पुढे झुकलेला राहतो, म्हणजे जो सांधा आखडण्याची भीती असते तोच नेमका दिवसभर जागचा हलत नाही. सूज येते ती काखेतल्या गाठी काढल्याने किंवा तिथे रेडिएशन दिल्याने लसिकेचा, म्हणजे शरीरातल्या पेशींभोवती साचणाऱ्या पातळ द्रवाचा, निचरा मंदावतो म्हणून, आणि स्नायूंची हालचाल हा निचरा पुढे ढकलायला मदतच करते. अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधीच हात सुजलेल्या 141 स्त्रियांपैकी काहींना देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, हळूहळू वाढवत वजने उचलायला दिली होती. त्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही, उलट ती उफाळण्याचे प्रसंग कमी झाले.

आकडे ऐकून बाई गप्पच राहिल्या. रेडिएशनच्या वेळी हात डोक्यावर घेऊन निश्चल पडून राहावे लागते, हे ऐकल्यावर मात्र त्या सुनेकडे पाहून हळूच म्हणाल्या, "हात वर केला की पदर सरकतोय." दोन खोल्यांचे घर आणि त्यात कर्ती मुले, कोपर पोटाशी धरण्याचे कारण टाक्यांइतकेच हेही होते. माझ्या मते अशा वेळी व्यायामाचा तक्ता हातात देण्याआधी व्यायामाची जागा ठरवून द्यावी. न्हाणीघराची भिंत ठरली. आंघोळीनंतर, अंग सैल असताना, बोटे भिंतीवरून पायरीपायरीने वर न्यायची आणि जिथे पोचतील तिथे सुनेने पेन्सिलने खूण करायची.

व्यायाम अर्थातच शल्यचिकित्सक आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या सल्ल्यानेच ठरतो. सुरुवातीच्या दिवसांत मूठ उघडणे-मिटणे आणि कोपर वाकवणे एवढेच करतात. जखमेत साचणारे पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी असेपर्यंत हात साधारणपणे खांद्याच्या वर नेऊ देत नाहीत. नंतर भिंत, मग दोन्ही हातांत काठी धरून ती वर नेणे. ताण जाणवलेला चालतो, कळ आली की थांबायचे. काखेतून दंडाकडे दोरीसारखे काही ओढल्यासारखे वाटले तर घाबरून हात बांधून ठेवण्याऐवजी ते फिजिओथेरपिस्टला दाखवावे. व्यायामाने ते बहुधा सैल होते. हात लाल किंवा गरम झाला, अचानक सुजला, किंवा ताप आला, तर मात्र व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

रेडिएशनची तयारी सुरू होईपर्यंत बाईंचा हात हवा तितका वर जाऊ लागला होता. उपचार संपल्यानंतरही काही महिने खांदा आखडू शकतो, म्हणून भिंत सोडायची नाही, आणि बिड्या वळताना अधूनमधून सूप खाली ठेवून खांदे मागे फिरवायचे, असे ठरले. धुण्याचे काय, हे त्यांनी उठता उठता विचारलेच. आधी रुमाल-टॉवेल, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू साड्या, असे सांगितले; आणि शेजारणीच्या सुजेवरही पट्टी, दाबाची बाही आणि व्यायाम असे उपाय असल्यामुळे पुढच्या खेपेला तिलाही बरोबर आणायला सांगितले.