ओर्नेल्ला: अर्थ, उगम आणि इटलीत नोंदवताना काय सांभाळायचं

इटलीत जन्मणाऱ्या तुमच्या मुलीसाठी 'ओर्नेल्ला' हे नाव मनात आहे, पण त्याचा अर्थ एका साइटवर 'अलंकृत', दुसरीवर 'फुलणारं झाड', यातलं खरं कोणतं, असं तुम्ही विचारलंय. झाड. इटालियनमध्ये सजवण्याला 'ओर्नारे' म्हणतात. ते कानाला जवळचं वाटतं म्हणून 'अलंकृत' हा अर्थ कुणीतरी चिकटवून दिला आणि बाकीच्यांनी तो उतरवून घेतला. लॅटिनमध्ये 'ओर्नुस' हे एका झाडाचं नाव. त्यावरून इटालियन ओर्नेल्लो किंवा ओर्निएल्लो आणि त्यावरून मुलीचं नाव ओर्नेल्ला.

झाडाचं शास्त्रीय नाव फ्रॅक्सिनस ऑर्नस. वसंतात त्याला पांढऱ्या, सुवासिक फुलांचे पिसासारखे झुबके येतात. ते ऑलिव्हच्या कुळातलं, म्हणजे आपली जाई, मोगरा आणि पारिजातक याच कुळातले. आजीला अर्थ सांगायचा झाला तर एवढं नातं पुरेसं आहे, आणि ते खरंही आहे. सिसिलीत कास्तेलबुओनो आणि पोल्लिना या गावांच्या परिसरात उन्हाळ्यात याच झाडाच्या सालीला आडव्या खाचा देतात. पाझरलेला रस उन्हात वाळून त्याच्या पांढऱ्या, गोड कांड्या होतात. त्याला मान्ना म्हणतात, आणि दवाखान्यातल्या मॅनिटॉल या औषधाचं नाव या मान्नावरूनच आलं. खाचा दिल्यावर पाऊस आला तर मान्ना विरघळून वाहून जातो, म्हणून हे काम कोरड्या दिवसांतच चालतं.

नाव मात्र झाडाइतकं जुनं नाही. ते लोकांत आलं इटालियन लेखक गाब्रिएले दान्नुन्त्सिओच्या 'ला फिल्या दि योरिओ' या नाटकातून. त्याचा पहिला प्रयोग १९०४ मध्ये मिलानला झाला. कथा आब्रुत्सोच्या डोंगराळ भागातली. नायक आलिजी मेंढपाळ. त्याच्या तीन बहिणी स्प्लेंदोरे, फावेत्ता आणि ओर्नेल्ला. लग्नघरात मिला नावाची, गावाने वाईट ठरवलेली मुलगी जीव वाचवायला शिरते. बाहेर पिसाळलेला जमाव तिला मागत असतो आणि ओर्नेल्ला तिची बाजू घेते. शेवटी सगळा गाव मिलाला जाळायला निघतो, तेव्हाही तिला बहीण म्हणून हाक मारणारी ओर्नेल्लाच. माझ्या मते या नावाचा खरा ऐवज हा आहे. झाडाचा अर्थ सुंदर आहेच, पण ज्या पात्रामुळे नाव रुजलं ते पात्र निर्भय आणि मायाळू आहे, हे मुलीला मोठेपणी जरूर सांगा.

पुढे गायिका ओर्नेल्ला व्हानोनी (जन्म १९३४) आणि अभिनेत्री ओर्नेल्ला मूती यांनी ते घरोघरी पोचवलं. मूतीचं जन्मनाव फ्रांचेस्का रोमाना रिवेल्ली. पडद्यावरचं 'मूती' हे आडनावही दान्नुन्त्सिओच्याच एका नायिकेचं. आज इटलीत नव्या बाळांमध्ये हे नाव क्वचितच ठेवतात, ऐकणाऱ्याला आधी आजीच्या पिढीतली बाई आठवते. मला तो दोष वाटत नाही. वर्गात तिच्या नावाची दुसरी मुलगी सहसा नसेल.

या नावाची कोणी संत नाही. त्यामुळे नावाचा सण, ओनोमास्तिको, १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी करतात. सासरची मंडळी हे हमखास विचारतील.

आता नोंदणी. बाळ इटलीत जन्मणार आणि एक पालक इटालियन, म्हणजे बाळाला इटालियन नियम लागू. जन्माची नोंद रुग्णालयात ३ दिवसांत किंवा कोमूनेत, म्हणजे नगरपालिकेत, १० दिवसांत करायची असते. भारतात नाव रिकामं ठेवून नंतर भरता येतं, तसं इथे गृहीत धरू नका. नाव ठरवूनच जा. जास्तीत जास्त तीन नावं देता येतात. दोन नावांमध्ये स्वल्पविराम टाकलात तर दाखल्यांवर फक्त पहिलंच येतं. 'ओर्नेल्ला सई' दोन्ही हवं असेल तर स्वल्पविराम नको.

आपल्याकडची माणसं अडकतात ती मधल्या नावाला. हयात वडिलांचं नाव बाळाला द्यायला इटालियन कायद्यात मनाई आहे, शिवाय बाळ मुलगी असेल तर नावही मुलीचंच लागतं. त्यामुळे मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव लावायचा आपला रिवाज तिथे चालणार नाही. तुम्ही हट्टच धरलात तर अधिकारी नोंद करून घेतो, पण प्रकरण सरकारी वकिलाकडे पाठवतो आणि नाव दुरुस्तीच्या फेऱ्यात सापडतं. ते टाळा.

स्पेलिंगमध्ये दोन एल हवेतच. एकाच एलचं रूप अल्बेनियन लोकांत चालतं, आणि पासपोर्टवर एक, जन्मदाखल्यावर दोन असं झालं की पुढे प्रत्येक अर्जाला खुलासा जोडावा लागतो. उच्चारात जोर 'नेल'वर द्यायचा आणि ल ठसठशीत दुहेरी. मराठीत 'ओर्नेल्ला' असंच लिहा. 'ओर्नेला' लिहिलंत तर आपल्याकडच्या मुलांना त्यात 'नेला' ऐकू येणार. लाडाचं नाव हवं असेल तर इटालियन घरांत नेल्ला किंवा लेल्ला म्हणतात.