तीन पानं, एकच बाग

प्रश्न : आजोबांच्या जुन्या ट्रंकेत तीन जपानी चित्रं सापडली. किमोनो घातलेल्या बायका आयरिसच्या बागेत फिरताहेत. आम्ही तिघं भावंडं, एकेक वाटून घ्यायचं म्हणतोय. ही खरी लाकडी ठशांची आहेत का ते घरी ओळखता येतं? माझं हॉलमधे लावायचंय. (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : ताई, आधी वाटणी थांबवा. तिन्ही पानं सतरंजीवर एकमेकांना लावून ठेवा आणि उजवीकडून बघत या. पाण्याचा काठ किंवा पूल एका पानातून पुढच्यात जातोय का? जात असेल तर तुमच्याकडे तीन चित्रं नाहीतच, एकच आहे. 1780 च्या दशकात तोरीई कियोनागा या जपानी चित्रकाराने उंच, सडपातळ बायका अशाच दोन-दोन तीन-तीन पानांवर मोकळ्या हवेत फिरवल्या, नंतर कितीतरी जणांनी तसं केलं. एकेकटं पानही छान दिसतं, हे चित्रकार ते मांडायचेच तसं, पण मान वळवून मागे बघणारी बाई कुणाशी बोलतेय हे शेजारचं पान गेलं की कळणारच नाही ना, माझा तर जीव तुटतो असं सुटं पान बघून.

आता ओळखायचं कसं, तर भिंग घ्या. रंगात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती मशीनवरची कॉपी. ठशाच्या कामात दर रंगाला चेरीच्या लाकडाचा वेगळा ठसा, आणि कागद त्यावर ठेवून मागून हाताने घासायचे, म्हणून पान उलटं केलं की रंग पाझरलेला दिसतो, कधी घासल्याच्या गोल खुणाही. पण जुन्या चित्रांचे ठसे नंतर नव्याने कोरूनही छापलेत, तो फरक भिंगाने नाही कळणार, जाणकारालाच दाखवा.

हॉलचं म्हणाल तर पश्चिमेच्या खिडकीसमोर अजिबात नको. जुने वनस्पतींचे निळे-जांभळे रंग उजेडाने उडतात, जांभळी फुलं मातकट होऊन बसतात. आणि कूलरची ओली हवा तर कागदाचा शत्रूच, पान लाटांसारखं वाकतं, बुरशी धरतं. लॅमिनेशन, सेलोटेप काही नको, फ्रेम केलीच तर अॅसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीचा आम्ल नसलेला पुठ्ठा) आणि काच चित्राला टेकलेली नको.

वाटायचंच असेल तर महिने वाटा, तिघांकडे चार-चार महिने, तिन्ही पानं एकत्र. एप्रिल ते जून ज्याच्याकडे असतील त्याने ती कूलर नसलेल्या खोलीत, कपाटात आडवी ठेवायची.